यजमानांचा विनोद आणि तुमचे खूनखटले

वाचकाचे पत्र: मी ६१ वर्षांची असून बँकेतून निवृत्त झाले आहे. कर्वेनगरला आम्ही दोघे, मुलगा, सून आणि ११ वर्षांचा नातू असे राहतो. रात्री जेवणे झाली की टीव्ही कोणाच्या ताब्यात, यावरून रोज कुरबुर होते. यजमानांना विनोदी चित्रपट लागतात, तेही तेच ते, तोंडपाठ झालेले. मला गुन्ह्यांवरचे माहितीपट आवडतात. माझे स्पष्ट मत असे की विनोदी चित्रपट म्हणजे नुसता आरडाओरडा आणि वेळेचा अपव्यय. माहितीपटांतून मात्र सत्य कळते, कायदा समजतो, माणसे ओळखायला शिकतो. घरचे म्हणतात, हा छंद विकृत आहे. सूनबाई म्हणतात, नातवासमोर हे लावत जाऊ नका. जोशी-अभ्यंकर खून झाले तेव्हा मी सदाशिव पेठेत शाळेत जात होते, ते दिवस मी विसरलेले नाही. माझे काही चुकते आहे का, आणि चुकत नसेल तर घरच्यांना कसे पटवून द्यावे?

ता. क. आमच्या इमारतीत सामान पोहोचवायला येणारा एक मुलगा जिन्यात उगाच रेंगाळतो आणि फोनवर हळू आवाजात बोलतो. त्याला आत सोडू नये, असा अर्ज मी सोसायटीच्या कमिटीकडे दिला आहे. घरचे त्यालाही हसतात.

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि ताज्या कलमात एक कृती आहे. ती कृती दोन्ही प्रश्नांपेक्षा अधिक तातडीची आहे. परंतु तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधी प्रश्नांचा विचार करावा लागेल, म्हणून तिच्याकडे शेवटी येऊ.

प्रथम ‘विकृत’ या शेऱ्याचा निकाल लावतो. खुनाची हकीगत ऐकावीशी वाटणे हा काही रोग नव्हे. इलिनॉय विद्यापीठातील अमांडा व्हिकरी आणि ख्रिस फ्रेली यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले होते की, युद्धाचे किंवा टोळीयुद्धाचे पुस्तक आणि सत्य गुन्हेकथा यांतून एक निवडायला सांगितले असता स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक प्रमाणात गुन्हेकथा निवडतात; आणि संकटात सापडलेली स्त्री कोणत्या युक्तीने निसटली हे ज्या पुस्तकात सांगितलेले असते, त्याची ओढ त्यांना विशेष असते. म्हणजे या आवडीच्या मुळाशी रक्ताची हौस असण्यापेक्षा ‘आपल्यावर अशी वेळ आली तर’ हा विचार असण्याचा संभव जास्त. घरच्यांनी तुम्हाला विकृत म्हणणे अन्यायाचे आहे, आणि हे त्यांना वाचून दाखवायला माझी हरकत नाही. पुढचे मात्र तुम्ही आधी एकट्याने वाचा.

तुमच्या बाबतीत या आवडीचे एक कारण तुम्हीच दिले आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात ज्या हत्या झाल्या, त्यांनी शाळकरी वयाच्या एका संपूर्ण पिढीच्या मनात घर केले. संध्याकाळी लवकर घरी येणे, दाराला आतून जास्तीची कडी बसवणे, ‘कोण आहे’ असे विचारून ओळखीचा आवाज आल्याशिवाय दार न उघडणे या सवयी अनेक पेठांतल्या घरांत तेव्हा लागल्या आणि नंतर गेल्याच नाहीत. मारेकरी कला महाविद्यालयात शिकणारे तरुण निघाले, हा त्यातला मोठा धक्का होता. त्यांच्यापैकी चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली आणि एकजण माफीचा साक्षीदार झाला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक तपशिलाने माहीत असणार.

तरीही एक हिशेब मांडून पाहा. या खटल्याला सगळे पुणे दोन आडनावांनी ओळखते. मृत दहा होते. त्यांत जोशी कुटुंबातले तिघे आणि अभ्यंकर कुटुंबातले चौघे. उरलेल्या तिघांपैकी दोघे आरोपींच्या ओळखीतले तरुण होते, आणि तिसरी व्यक्ती म्हणजे अभ्यंकरांच्या घरी कामाला असलेली बाई, जी त्या रात्री केवळ त्या घरात होती म्हणून मारली गेली. मुख्य आरोपीचे आडनाव आजही तुमच्या वयाचा कोणताही पुणेकर झोपेतून उठवून विचारले तरी सांगेल. या बाईचे नाव सांगणारा क्वचितच भेटेल. तुम्ही सांगू शकता का, हे प्रामाणिकपणे आठवून पाहा. येत नसेल तर त्यात तुमचा दोष फार थोडा आहे, कारण गोष्ट ज्यांनी ज्यांनी सांगितली, त्यांनी ती मारणाऱ्यांची म्हणून सांगितली.

तुमच्या मताशी माझा मतभेद इथूनच सुरू होतो. माहितीपटातून सत्य कळते, असे तुम्ही लिहिता. कधी कधी कळते, आणि कळते तेव्हा त्याचे मोल फार मोठे असते, हे मी आधीच मान्य करतो. एरॉल मॉरिस यांचा ‘द थिन ब्लू लाइन’ हा १९८८ चा माहितीपट याचे ठळक उदाहरण आहे. अमेरिकेतील डॅलस शहरात १९७६ मध्ये एका पोलिसाचा खून झाला आणि रँडल ॲडम्स या माणसाला त्यासाठी फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. फाशीची तारीख अगदी तोंडावर आलेली असताना तिला स्थगिती मिळाली आणि पुढे ती शिक्षा जन्मठेपेवर आली. मॉरिस यांनी साक्षीदारांना पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसवले आणि प्रत्येकाने सांगितलेली घटना त्याच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा पुन्हा उभी करून दाखवली. साक्षीदार बदलला की प्रसंगही बदलतो, आणि पाहणाऱ्याच्या हळूहळू लक्षात येते की यांतल्या काही साक्षी खऱ्या असूच शकत नाहीत. ॲडम्स १९८९ मध्ये सुटला. ज्याला आता कोणी विचारणारे उरले नव्हते, त्याला त्या माहितीपटाने बोलू दिले. (सुटल्यानंतर स्वतःच्याच हकिगतीच्या हक्कांवरून ॲडम्स आणि मॉरिस यांच्यात कायदेशीर वाद झाला, हेही नोंदवून ठेवावे. उपकार केले म्हणून माणसाचे आयुष्य दिग्दर्शकाच्या मालकीचे होते का, हा प्रश्न त्या वादात होता आणि तो अजूनही जिवंत आहे.)

आता याच प्रकारातले दुसरे उदाहरण घ्या. २०१५ मधल्या ‘द जिंक्स’ या मालिकेने सारे जग हादरवले, ते तिच्या शेवटामुळे. मुलाखत संपल्यावर रॉबर्ट डर्स्ट हा धनाढ्य संशयित स्वच्छतागृहात जातो, अंगावरचा मायक्रोफोन चालूच असतो, आणि तो स्वतःशी जे पुटपुटतो ते कबुलीसारखे ऐकू येते. शेवटचा भाग दाखवला जाण्याच्या आदल्या दिवशी त्याला अटक झाली आणि २०२१ मध्ये तो खुनाच्या आरोपात दोषीही ठरला. मग तक्रार कशाची? २०१९ मध्ये मूळ ध्वनिमुद्रणाची प्रत न्यायालयात आली तेव्हा असे दिसले की मालिकेत ऐकवलेली वाक्ये त्या क्रमाने उच्चारलेली नव्हती. ती कापून, पुढेमागे करून अशी जुळवली होती की सगळ्यांत भयंकर वाक्य सगळ्यांत शेवटी यावे. माणूस दोषी निघाला म्हणून ती जुळवणी खरी ठरत नाही. ज्या क्षणी तुमच्या अंगावर काटा आला असेल, तो क्षण संकलकाच्या टेबलावर तयार झालेला होता. आणि ताई, हे कसब नेमके तेच आहे, ज्याने विनोदी चित्रपटात हशा वसूल केला जातो: शेवटचा शब्द शेवटी येईल अशी व्यवस्था.

आपल्याकडच्या माहितीपटांविषयी तुम्ही म्हणता की त्यांतून कायदा समजतो. एक साधी कसोटी लावून पाहा. अशा माहितीपटात निवृत्त पोलीस अधिकारी खुर्चीत रेलून सांगतात की ‘आम्ही त्याला विश्वासात घेतले आणि त्याने सगळे कबूल केले’. मागे संथ तंतुवाद्य वाजते आणि तुमच्या मनात निकाल लागून जातो. परंतु पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचे २५ वे कलम तेच सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे २३ वे कलमही तेच सांगते. हे ज्या माहितीपटात एका वाक्यानेही सांगितलेले नसते, तो तुम्हाला कायदा शिकवत आहे असे कसे म्हणावे? नोएडातील आरुषी प्रकरणात वृत्तवाहिन्यांनी आई-वडिलांचा निकाल किती आधीच लावून टाकला होता, ते आठवा. २०१३ मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. मधल्या काळात दिवाणखान्यांत जी चर्चा झाली, ती कोणीच मागे घेतली नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शीना बोरा प्रकरणावरची मालिका आली तेव्हा ती रोखावी म्हणून सीबीआयने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. न्यायमूर्तींनी मालिका आधी स्वतः पाहिली, खटल्याला बाधा येईल असे तीत काही नाही असा निष्कर्ष काढला आणि प्रदर्शनाला वाट मोकळी करून दिली. निर्णय योग्यच होता असे माझे मत आहे. परंतु खटला चालू असताना आरोपी व्यक्ती स्वतः उत्तम प्रकाशयोजनेत बसून बोलते, आणि जिच्या मृत्यूचा तो खटला आहे ती बोलू शकत नाही, ही विषमता न्यायालय दूर करू शकत नाही. तिची नोंद पाहणाऱ्यानेच घ्यायची असते.

याउलट लीना यादव यांची दिल्लीतल्या बुराडी येथील एकाच कुटुंबातल्या ११ जणांच्या मृत्यूंवरची २०२१ ची तीन भागांची मालिका पाहा. तुम्ही बहुधा ती पाहिली असेल. १ जुलै २०१८ च्या त्या सकाळी जे दिसले ते पुरेसे भयानक होते आणि त्याचा तमाशा करणे सोपे होते. पण मालिका शेजाऱ्यांना, नातेवाइकांना, मित्रांना वेळ देते, आणि ती माणसे जिवंत असताना कशी वागत होती हे तुम्हाला कळत जाते. त्या दिवशी गल्लीत कॅमेरे घेऊन उभ्या राहिलेल्यांनाही ती प्रश्न विचारते. ती पाहून झोप लागत नाही हे खरे, पण त्या अस्वस्थतेत मृतांविषयी आदर आहे.

पुढच्या वेळी एक गोष्ट मुद्दाम बघा. खून झालेली व्यक्ती स्त्री असेल तर बहुतेक माहितीपटांत तिच्या लग्नाच्या किंवा वाढदिवसाच्या चित्रफितीचा तुकडा येतो. तो मुद्दाम संथ केलेला असतो, मूळ आवाज काढून टाकलेला असतो, आणि ती कॅमेऱ्याकडे वळून हसते तिथे चित्र गोठवतात. असा तुकडा एका तासात किती वेळा येतो, आणि तिच्याविषयी त्याखेरीज दुसरे काही कळते का, ती काय काम करत होती, कोणावर चिडत होती, तिला काय शिजवायला आवडत होते? काही कळले नाही, तर तिचा मृत्यू तेवढा वापरला गेला असे समजावे. संथ केलेल्या चित्रफितीविषयी माझे मत अंमळ कडक आहे, हे मान्य; पण ते बदलण्याचे कारण अजून मिळालेले नाही.

आता यजमानांकडे वळतो. विनोदी चित्रपट म्हणजे आरडाओरडा, हे तुमचे मत पूर्णपणे निराधार नाही. एखाद्या पात्राला थप्पड बसली की ‘टुंग’ असा आवाज, कोणी पडले की घसरत जाणारी सनई, आणि प्रत्येक वाक्य शेजारच्या इमारतीत ऐकू जाईल अशा पट्टीत, असे चित्रपट मराठीत आणि हिंदीत भरपूर झाले आहेत आणि अजून होत आहेत. त्याहून वाईट म्हणजे तोतरे बोलणारा, बहिरा, लठ्ठ मुलगी, सावळी नवरी, घरकामाची बाई यांच्यावर आयता हशा मिळवण्याची सवय. ज्याच्यावर आपण हसतो त्याला उत्तर देण्याची मुभा पटकथेत नसते, तेव्हा तो विनोद आळशी असतो. तुमच्या यजमानांच्या आवडत्या यादीत असे काही चित्रपट असणारच, आणि तिथे तुम्ही उठून आत गेलात तर मी तुमच्या बाजूचा आहे.

पण सगळा विनोद असा नसतो. ‘अशी ही बनवाबनवी’ हा १९८८ चा चित्रपट यजमानांच्या यादीत नसेल तर मला आश्चर्य वाटेल. ज्या चित्रपटावरून त्याचे कथानक घेतले, तो ‘बीवी और मकान’ १९६६ चा हिंदी चित्रपट; पण वसंत सबनीसांच्या लेखणीतून आणि सचिन पिळगावकरांच्या दिग्दर्शनातून तो असा काही पुणेरी झाला की मूळ कथा परक्या मुलखातली होती हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. त्यातला विनोद कशावर उभा आहे ते पाहा. चार तरुणांना राहायला खोली नाही, कारण बिऱ्हाड फक्त जोडप्यांना मिळते; म्हणून दोघांना साडी नेसून बायको व्हावे लागते. जागेची टंचाई, घरमालकाच्या अटी, खिशातले मोजके पैसे, आणि एक खोटे लपवण्यासाठी बोलावे लागणारे दुसरे खोटे. पुण्यात बाहेरगावाहून शिकायला किंवा नोकरीला आलेल्या अविवाहित माणसाने सोसायटीच्या सचिवासमोर बसून जी उत्तरे दिलेली असतात, ती आठवून पाहिली तर हा प्रश्न आजही शिल्लक आहे. आणि चित्रपटभर फजिती होते ती मुख्यतः या चौघांचीच. हसणारा ज्यांच्या बाजूने आहे त्यांच्यावरच हसतो. याला आरडाओरडा म्हणता येणार नाही.

‘तेच ते तोंडपाठ चित्रपट’ अशी तुमची दुसरी तक्रार. यात मला यजमानांचे म्हणणे पटते. माहितीपट एकदा पाहिला की संपतो, कारण कोणी केले हे कळले की त्याची पकड सुटते. विनोदाचे तसे नसते. पुढचे वाक्य ठाऊक असते आणि तरी ते कोणत्या क्षणी पडेल याची वाट पाहण्यात मजा असते, जशी ओळखीच्या बंदिशीत समेची पाहतो. अशोक सराफ बोलण्याआधी अर्धा क्षण थांबतात, नजर एकदा बाजूला जाते आणि मग वाक्य येते. त्या थांबण्यासाठी माणूस दहाव्यांदा चित्रपट लावतो. पुढच्या वेळी फक्त ते थांबणे पाहायला म्हणून शेजारी बसा. हसण्यावर संशोधन केलेले रॉबर्ट प्रोव्हाइन यांचे निरीक्षण असे होते की माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे ३० पट अधिक सोबतीत हसतो. यजमान विनोदी चित्रपट लावतात आणि तुम्ही आत जाता, म्हणजे त्यांना तो निम्म्याहून कमीच मिळतो. ‘तेच ते’ लावण्यामागे कदाचित कोणीतरी येऊन बसेल ही आशाही असू शकेल; हा मात्र माझा तर्क, तो तुम्ही त्यांनाच विचारा.

आणि खून, भ्रष्टाचार, दडपलेला पुरावा हे सगळे हवेच असेल तर कुंदन शहा यांचा ‘जाने भी दो यारो’ दोघांनी मिळून पाहा. तो १९८३ चा चित्रपट करणारे शहा आपल्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी आणि सतीश शाहही तिथलेच. दोन भाबड्या छायाचित्रकारांनी काढलेला एक फोटो मोठा करत गेल्यावर त्यात महापालिका आयुक्तांचा खून दिसतो, आणि पुढे त्याच आयुक्तांच्या मृतदेहाला घेऊन जी धावपळ होते ती थेट महाभारताच्या नाटकाच्या रंगमंचावर जाऊन आदळते. प्रेक्षक हसून बेजार होतात. शेवटी पूल कोसळल्याचे खापर याच दोघांवर फुटते आणि ते कैद्याच्या कपड्यांत रस्त्यावर उभे दिसतात, तेव्हा हसणे घशात अडकते. निरपराध माणूस कसा अडकवला जातो, बिल्डर, अधिकारी आणि वर्तमानपत्र यांचे संगनमत कसे चालते, याविषयी मला त्या विनोदी चित्रपटाने जे दाखवले ते गंभीर चेहऱ्याच्या अनेक माहितीपटांनी दाखवलेले नाही. तुमच्या मतात दुरुस्ती सुचवायची तर एवढीच सुचवीन: प्रकार कोणता यावरून चित्रपटाची किंमत ठरवू नका, ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्याशी चित्रपट कसा वागला, ते पाहून ठरवा. मृत व्यक्तीला बोलता येत नाही आणि चेष्टेचा विषय झालेल्यालाही येत नाही.

नातवाविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण सूनबाईंचे बरोबर आहे. ११ वर्षांच्या मुलाला खुनाची गोष्ट अजिबात ऐकवू नये असे नाही, त्याच्या वाचनात ती येतेच. पण घटनास्थळाची खरी छायाचित्रे आणि आईवडिलांचा खरा आक्रोश त्याने झोपण्यापूर्वी पाहू नये. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटी मंचांना प्रत्येक कार्यक्रमावर वयोगट दाखवावा लागतो, आणि १३ वर्षांपुढच्यांसाठीच्या कार्यक्रमांना पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय द्यावी लागते. तुमच्या नावाने वेगळे प्रोफाइल काढून त्याला पिन घाला आणि ती पिन सूनबाईंना सांगा. तुम्ही आपण होऊन सांगितलेली पिन ही कोणत्याही युक्तिवादापेक्षा लवकर पटते. बाकी वेळेची विभागणी तुमची तुम्ही करा; नातू साडेनऊला झोपत असेल तर तुमचा माहितीपट दहाला सुरू व्हायला काय हरकत आहे? यजमान तोपर्यंत डुलक्या घेत असतील, असा माझा अंदाज.

आता ताजे कलम.

जॉर्ज गर्बनर या अभ्यासकाने दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांविषयी मांडलेले एक निरीक्षण प्रसिद्ध आहे: जे लोक फार वेळ टीव्ही पाहतात त्यांना जग प्रत्यक्ष आहे त्याहून अधिक धोकादायक वाटू लागते. माहितीपट करणारे प्रकरण निवडतात तेच मुळी विलक्षण असते म्हणून. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल पाहिले तर खुनाच्या कारणांत वाद-तंटे सर्वांत वर दिसतात. जमिनीचे, पैशाचे, घरातले तंटे. ते करणारा बहुधा ओळखीचा असतो. जिन्यात उभा राहिलेला अनोळखी मुलगा माहितीपटात वारंवार भेटतो, कारण त्याच्या पाठमोऱ्या आकृतीवर कॅमेरा सहज लावता येतो.

तो मुलगा जिन्यात का उभा असतो, याचे उत्तर बहुधा तुमच्याच सोसायटीच्या सूचनाफलकावर असेल. सामान पोहोचवणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये, अशी पाटी पुण्यातल्या कितीतरी इमारतींत आहे. मग तो जिन्याने येतो, चौथ्या मजल्यावर दम खातो, आणि गिऱ्हाईक ओटीपी सांगेपर्यंत तिथेच थांबतो. हळू आवाजात बोलतो हा तुमच्या अर्जातला दुसरा आक्षेप. दुपारी एक ते चारच्या दरम्यान पुण्यातल्या जिन्यात तो मोठ्याने बोलला असता तर त्याबद्दलही अर्ज आला असता, आणि कदाचित तो तुमचाच असता.

तुमच्या अर्जाची प्रत त्याला मिळालेली नाही. कमिटीच्या बैठकीला त्याला कोणी बोलावणार नाही. बंदी घातली गेली तर ती का घातली हे त्याला फाटकावरचा रखवालदार सांगेल किंवा सांगणारही नाही, आणि तुमच्या इमारतीतल्या ऑर्डरी त्याला पोहोचवता आल्या नाहीत तर त्याचा दर्जा घसरून पैसे कापले जातील. त्याने काही केल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. तो कसा दिसला एवढेच लिहिले आहे.

तेव्हा पुढची बैठक होण्याआधी सचिवांना लेखी कळवा की अर्ज मागे घेत आहे. कारणही लिहा, तेही सरळ: ‘सदर व्यक्तीकडून कोणतेही गैरवर्तन घडलेले नाही.’ तोंडी सांगून भागणार नाही, कारण पहिला अर्ज फाइलमध्ये राहील आणि इमारतीत कधी एखादी सायकल जरी चोरीला गेली तरी तो कोणीतरी काढून दाखवेल. सुरक्षेची काळजी खरोखर वाटत असेल तर त्याच पत्रात वेगळी मागणी करा: येणाऱ्या प्रत्येकाची, पाहुण्यांचीसुद्धा, नोंद एकाच वहीत व्हावी, प्रवेशद्वारावरचा कॅमेरा चालू आहे की नाही ते दर महिन्याला तपासावे, आणि सामान घेऊन येणाऱ्यांना लिफ्ट वापरू द्यावी. तुमचा अर्ज गेल्याचे रखवालदाराला आधीच समजले असण्याची शक्यता आहे, कारण सोसायटीत असे काही लपत नाही. म्हणून खाली जाऊन त्यालाही स्वतः सांगा की तो मुलगा आला तर अडवायचे नाही.